बेस गिटारीतलं मुकं घर

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. गायकाकडे बघतात, ढोलकीवाल्याकडे बघतात, नाचणारी मुलगी असली तर विचारायलाच नको. माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या कीबोर्डवाल्याकडेही एखादी मावशी कौतुकानं बघते. बेसवाला मात्र मागे, स्पीकरच्या खोक्याशेजारी उभा. त्याचा सूर कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. तो थांबला तर काहीतरी बिघडलं एवढं लोकांना समजतं, काय बिघडलं ते समजत नाही.

सोपान पिंगळे असा सव्वीस वर्षं मागे उभा राहिला. मावळातल्या जवळजवळ प्रत्येक गावात त्याला कुणी ना कुणी एकच प्रश्न विचारलेला आहे. "चारच तारा? दोन तुटल्या का काय, भाऊ?" पहिली काही वर्षं तो बिचारा समजावून सांगायचा, की ही वेगळी गिटार, हिला चारच असतात. पुढे पुढे तो नुसतंच "व्हय, येताना तुटल्या" म्हणायला लागला आणि विचारणाऱ्याचंही समाधान व्हायला लागलं.

मी शरच्चंद्र. लोणावळ्यातल्या एका शाळेत संगीत शिकवायचो, आता निवृत्त आहे. सगळे मला मास्तर म्हणतात. सोपानबद्दल लिहायचा मला अधिकार आहे का, याची मलाच शंका आहे. ती का, ते पुढे कळेल. पण मी नाही लिहिलं तर दुसरं कुणीही लिहिणार नाही, याबद्दल मात्र मला काडीचीही शंका नाही.

सोपान आंदर मावळातला. टाकव्याच्या पुढे, जिथं एसटी आली तर आली, अशा एका वाडीत त्याचं घर. भाताची चार खाचरं आणि म्हशी. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. सोपान विशीत लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला लागला. काम काय, तर खुर्च्या मांडायच्या आणि खुर्च्या उचलायच्या. त्या हॉटेलात शनिवार-रविवार बँड असायचा आणि त्यात एक म्हातारा गोवेकर बेस वाजवायचा. दुपारच्या मोकळ्या वेळात त्यानं या पोराला चार सूर दाखवले. पोरानं आठ दिवसांत ते गिरवून आणले. मग चाराचे चाळीस झाले. पुढे हॉटेलनं बँड बंद केला आणि म्हातारा गावी निघाला, तेव्हा गिटार त्यानं सोपानच्या खांद्याला अडकवली. जाताना म्हणाला, हिच्यात एक जागा मुकी आहे, तेवढी शोध.

ती सोपानला दोन दिवसांत सापडली.

गिटारीच्या लांब दांडीवर धातूच्या आडव्या सळ्या बसवलेल्या असतात. दोन सळ्यांमधल्या जागेला सोपान घर म्हणायचा. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या घरात बोट ठेवून तार छेडली की सूर सहा-सात सेकंद निवांत घुमायचा. सातव्या घरातही तसाच. मधल्या सहाव्या घरात मात्र सूर निघायचा आणि कुणीतरी तोंडावर हात दाबल्यासारखा लगेच बसायचा. तार नवी घाला, जुनी घाला, हळू छेडा, जोरात छेडा, तेच. कारण दोष तारेत नव्हताच. तारेबरोबर दांडीचं लाकूडही थरथरत असतं आणि प्रत्येक लाकडाचा थरथरण्याचा एक ठरलेला वेग असतो. तारेचा सूर नेमका त्या वेगाशी जुळला की तारेतला सगळा जोर लाकूड ओढून घेतं. बहुतेक बेस गिटारींत अशी एखादी जागा असते, भारीतल्यांतही. हे मी नंतर वाचलं. सोपाननं वाचलं नव्हतं. त्यानं दांडीला कान लावून ते शोधलं होतं. "मास्तर, दांडी खाती सूर," तो मला म्हणाला होता, आणि मी शहाण्यासारखं हसलो होतो.

आता आमचे मालक. हौशीराम. कामशेतला मंडप आणि साउंडचा धंदा, वर ऑर्केस्ट्रा, आणि त्या ऑर्केस्ट्राचे मुख्य गायकही तेच. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या आवाजावर फार प्रेम. तरुणपणी कुण्या बुवांनी त्यांना सांगितलं की तुझा आवाज काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, उघडतो. झालं. तेव्हापासून हळदीचं गाणं, देवीचं गाणं, प्रेमाचं गाणं, सगळं काळी एकमध्ये. आणि बारीक तारेवरचं सहावं घर म्हणजे नेमकी काळी एक. मालकांचा जो सा, तोच सोपानचा मुका सूर. पट्टी बदला म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा मला चहा पाजून गप्प बसवलं गेलं.

सोपाननं त्यावर साधा उपाय काढला. तोच सूर शेजारच्या जाड तारेवर अकराव्या घरात मिळतो. तो तिथं उडी मारायचा. गाण्याच्या मध्यात त्याचा डावा हात दांडीवरून पाच घरं सरकायचा आणि लगेच मागे यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, नखरा करतोय. एकदा परंदवडीत एका नवरदेवाच्या मामानं त्या उडीवर शिट्टी मारली होती. सव्वीस वर्षं हे चाललं. रोज पहाटे म्हशींचं दूध काढून कॅन मोटारसायकलला अडकवून कामशेतला घालायचे, आणि संध्याकाळी कार्यक्रम असला की त्याच हातांनी हे सुरांचे चोरमार्ग काढायचे. कुणाला पत्ताही लागला नाही.

पत्ता लागला तो मोबाइलमुळे. हौशीरामांच्या सुनेनं त्यांच्या एका देवीच्या गाण्याचं चित्रण केलं. त्या गाण्याची सुरुवात नुसत्या बेसनं होते, एक लांब सा आणि मग हळूहळू खाली उतरणारे पाच सूर. ती सोपानची स्वतःची जागा. सव्वीस वर्षांत त्यानं स्टेजवर एकट्यानं वाजवलेली तेवढीच. हौशीरामांनी ते चित्रण शंभर वेळा ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की बाकीचे सूर पातळ, तेजदार आहेत आणि सा तेवढा जाड, घोंगडीखालून आल्यासारखा. कारण तो अकराव्या घरातला. त्यांनी सोपानला बारीक तारेवर वाजवायला लावलं. सूर निघाला आणि बसला.

"सोपान, माज्या सा लाच तुजी गिटार बसती," हौशीराम सगळ्यांदेखत म्हणाले. "दिवाळीपातुर सरळ कर. न्हाईतर मला दुसरं बघावं लागंल. आता लोक कंप्युटरवर बेस लावत्यात. टेम्पोत एक मानूस कमी बसतो."

 मी सोपानच्या शेजारी उभा होतो आणि त्याचा चेहरा मला दिसला. त्याला त्या टेम्पोतली जागा हवी होती. दुधावर त्याचं घर चालत होतं, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता. पण वाडीत तो दूधवाला होता आणि स्टेजवर, मागे का होईना, वाजवणारा होता. त्याला वाजवणाराच राहायचं होतं. इतकं साधं होतं ते.

तो गिटार घेऊन पुण्याला एका दुकानात गेला. तिथल्या कारागिरानं सळ्या घासल्या, दांडीच्या आतली लोखंडी पट्टी आवळली, नव्या तारा चढवल्या आणि शेवटी सांगितलं, "काका, गिटार ठीक आहे. तुमच्या बोटात दम नाही." रोज पहाटे भरलेले दुधाचे कॅन उचलणाऱ्या माणसाला! सोपाननं मला हे सांगितलं तेव्हा माझंच डोकं फिरलं. तो मात्र आपली बोटं बघत बसला होता. त्याला खरंच शंका आली होती. हे मला जास्त लागलं.

मग तो स्वतःच मागे लागला. गोठ्यात म्हशींच्या शेजारी बसून त्यानं दांडीला काय काय बांधून बघितलं. पाठीमागे फडकं गुंडाळलं. चुंबक लावलं. खुंट्यांमध्ये कपड्याचे चिमटे लावले. शेवटी मंडपाच्या सामानातून लाइट टांगायचा एक छोटा लोखंडी क्लॅम्प उचलला, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला आणि गिटारीच्या डोक्याला, जिथं खुंट्या असतात तिथं, आवळून बसवला. सहावं घर छेडलं. सूर घुमत राहिला. त्यानं मला फोन लावला आणि तो घुमता सूर ऐकवला. मागे म्हैस ओरडत होती.

पण मुकेपणा गेला नव्हता, सरकला होता. डोकं जड झाल्यामुळे दांडीचा थरथरायचा वेग उतरला आणि आता पाचवं घर मुकं झालं. क्लॅम्प काढला की पाचवं बोलायचं आणि सहावं गप्प. "ह्ये जात न्हाई मास्तर," तो मला म्हणाला, "निसतं शेजारी जाऊन बसतंय." काळी एकमध्ये गाणाऱ्या माणसाला पाचवं घर फारसं लागत नाही. म्हणजे क्लॅम्प लावला की मालक खूश. दिवाळीनंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात देवीचं गाणं सुरू झालं, तो लांब सा मंडपभर पसरला आणि हौशीरामांनी गाता गाता मागे वळून मान हलवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. सोपान त्या दिवशी टेम्पोत बसून गाणं गुणगुणत होता. मला वाटलं, सुटला गडी.

इथवर कुणाचाच काही गुन्हा नाही. पुढचं मात्र सरळ लिहितो.

माझा पुतण्या श्रीयश तळेगावात राहतो. हुशार आहे. फ्लॅटच्या एका खोलीत भिंतींना स्पंज लावून त्यानं स्टुडिओ केला आहे. हौशीरामांनी त्याच्याकडे देवीचं गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं आणि एका रविवारी दुपारी मी सोपानला घेऊन तिथं गेलो. सोपाननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. येताना श्रीयशच्या आईसाठी दुधाची पिशवी आणली होती.

श्रीयश म्हणाला, "काका, गाणं नंतर घेऊ. आधी मला एकेक सूर द्या. चारही तारांवरचा, प्रत्येक घरातला. एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात."

आता भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला कुणी "सूर दे" म्हटलं, तर तो कशाला म्हणून विचारत नाही. पखवाजवाला सूर मागतो, टाळकरी मागतो, शेजारच्या गावची मंडळी मागतात. पेटीवाला हातातलं काम टाकून सूर देतो. तिथं सूर अडवून ठेवणारा माणूस नालायक समजतात. सोपान त्यातच लहानाचा मोठा झालेला. तो स्टुलावर बसला आणि द्यायला लागला. एक सूर, तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. दीडशेच्या वर सूर. श्रीयश काचेपलीकडून अंगठा दाखवायचा. दोन तास चाललं होतं.

बारीक तारेवर सहाव्या घराशी आल्यावर सूर बसला. क्लॅम्प लावलेला नव्हता. श्रीयश म्हणाला, "राहू दे काका. सातव्याचा खाली ओढून मी सहावा करतो. कळणार नाही कुणाला."

"सातव्याचा वढून सहावा कसा व्हईल?" सोपानला ते अजिबात पटलं नाही. "सातव्याचा आवाज सातव्याचा. थांब जरा." त्यानं पिशवीतून क्लॅम्प काढला, आवळला, तारा पुन्हा सुरात लावल्या आणि सहावं घर दिलं. हळू, मध्यम, जोरात. तिन्ही अखेरपर्यंत घुमले. मग क्लॅम्प काढून पुढची घरं. त्या गिटारीतून प्रत्येक घर स्वच्छ काढून देऊ शकेल असा माणूस उभ्या जगात एकच होता आणि त्यानं ते काढून दिलं. एकही घर मुकं ठेवलं नाही.

सुटे सूर कशासाठी घेतात ते मला माहीत होतं. माझ्या कीबोर्डच्या पोटात सनई आहे, बासरी आहे, सतार आहे. ती कुणीतरी अशीच एकेक सूर देऊन भरलेली आहेत, आणि ती माणसं कोण हे मी कधी विचारलेलं नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत बसलो होतो. मला त्याला थांबवता आलं असतं. "सोपान, विचार तरी कशाला पाहिजेत," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं नाही. हौशीरामांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की मास्तर, तुमच्या डाव्या हाताला काम देतो.

निघताना सोपाननं विचारलं, "मास्तर, गानं कदी घ्यायचं?"

"पुढच्या खेपेला," मी म्हणालो.

पुढची खेप झाली नाही. चैत्रात लग्नं सुरू झाली. पहिल्या कार्यक्रमाला टेम्पो दुपारी चार वाजता कामशेतहून निघायचा होता. सोपान पाठीला गिटार लावून आला. टेम्पोत त्याच्या जागी नवीन स्पीकरचं खोकं ठेवलेलं होतं, दोरीनं बांधून. हौशीराम फोनवर बोलत पलीकडे गेले. वाद्यं चढवणाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे मला सांगायचं होतं.

"सोपान," मी म्हणालो, "या हंगामात तू जरा विश्रांती घे म्हणतात मालक."

"क्लॅम्प लावलाय की," तो म्हणाला. "सा नीट वाजतोय."

"हो रे. ते नाही."

"मग काय ऱ्हायलं?"

मी खोक्याची दोरी उगाच आवळली. त्यानं खोक्याकडे बघितलं, गिटारीचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि तो मोटारसायकलकडे गेला. त्याच दिवसापासून मी उजव्या हातानं माझं आणि डाव्या हातानं, कीबोर्डमध्ये भरलेल्या त्याच्याच सुरांनी, त्याचं वाजवायला लागलो. पहिल्याच कार्यक्रमात हौशीरामांनी मागे वळून मान हलवली. देवीचं गाणं फार छान झालं, असं सगळे म्हणाले. झालंही होतं.

महिनाभरानं कामशेतच्या एका मंगल कार्यालयात साखरपुडा होता. सकाळचा कार्यक्रम. बासुंदीला दूध सोपानचं, हे मला ठाऊक नव्हतं. देवीच्या गाण्याला मी तो लांब सा धरला आणि खाली उतरलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात तो दिसला. दोन्ही हातांत कॅन. ते खाली ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं. स्टेजवर कुठं गिटार दिसते का, ते तो बघत होता. मग त्यानं माझा डावा हात बघितला. पुढचं सगळं गाणं तो तिथंच उभा होता आणि मी वाजवत होतो. गाण्याच्या मध्यात बोटं थांबवता येत नाहीत असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर मी तसा प्रयत्नही केला नाही.

जेवणाची सुट्टी झाल्यावर तो स्टेजपाशी आला. हौशीराम पंगतीत गेले होते. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हात माजा हाय ह्यो."

"हो," मी म्हणालो.

"त्या दिशी घेतला त्यो."

"हो."

"तुमाला ठावं व्हतं."

"होतं, सोपान."

मला वाटलं, आता तो शिवी देईल. द्यायलाच हवी होती. माझ्या वयाचा विचार न करता चारचौघांत द्यायला हवी होती, म्हणजे मला निदान रागवायला तरी जागा मिळाली असती. तो कीबोर्डकडे बघत होता.

"चोरायचाच व्हता तर नीट तरी चोरायचा, मास्तर," तो म्हणाला. "जाड तारंवर तिसऱ्या घरात नख घासलंय माजं. कॅनच्या कडीनं फाटलं व्हतं. दर बारीला ऐकू येतंय. खर्र करतंय. तुमाला न्हाई येत?"

मला आलं नव्हतं. महिनाभर मी तो सूर रोज वाजवत होतो आणि मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मी तिथंच आवाज बारीक करून तो सूर दाबला. तो म्हणत होता ते बरोबर होतं.

"आयतवारी येतो मी तळेगावला," सोपान म्हणाला. "तेवढा परत घ्या. नाव नका लावू माजं कुटं. पन असला घान सूर गावोगाव माज्या हातानं वाजवू नका."

"सोपान, नको रे," मी म्हणालो. "तू येऊ नकोस."

"येतो," तो म्हणाला, आणि कॅन धुवायला गेला.

रविवारी तो आला. श्रीयशची मान वर होत नव्हती, तेवढं तरी त्या पोराचं कौतुक. सोपाननं नख कापून, घासून गुळगुळीत करून आणलं होतं. स्टुलावर बसून त्यानं तो एक सूर दिला. हळू, मध्यम, जोरात. काचेपलीकडे काय चाललंय तिकडे त्यानं पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. त्यानं विचारलं, "झालं?" श्रीयशनं मान हलवली. चहा न घेता तो जिना उतरला. गिटार त्यानं त्या आठवड्यात लोणावळ्यातल्या एका शाळेला देऊन टाकली, असं मला नंतर कळलं. ती माझीच शाळा होती.

आता त्या आवाजात कुठलंही घर मुकं नाही आणि कुठंही नख घासत नाही. मी रोज वाजवतो.